मांजराची सर्दी: घरी काय पाहावे आणि कोणती तपासणी खरोखर करावी?

काशीची_आई (ठाणे)

सर्वांना नमस्कार. आमची काशी सहा वर्षांची भाटी आहे. ती आमच्याकडे आली तेव्हा रस्त्यावरचेच पिल्लू होती, पण त्यानंतर ती घराबाहेर पडलेली नाही आणि तिचे लसीकरण वेळच्या वेळी होत आले आहे. पंधरवड्यापूर्वी आमच्या इमारतीच्या वाहनतळात दीड-दोन महिन्यांचा एक बोका सापडला आणि मुलांच्या हट्टापायी तो घरात आला. येताना त्याचा एक डोळा चिपडांनी चिकटलेला होता. आता तो शिंकतो, त्याचे नाक वाहते आणि तोंडातून लाळ गळते. काल त्याने वाटीतले खाणे हुंगले, एक घास घेतला आणि मान झटकून मागे सरकला.

चार दिवसांपासून काशीही शिंकू लागली आहे. तिच्या नाकातून पाण्यासारखा स्राव येतो आणि उजवा डोळा ती अर्धवट मिटून ठेवते, मात्र खाणेपिणे ठीक आहे.

आम्ही एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी हा विषाणूचा संसर्ग असल्याचे सांगून काशीला प्रतिजैविक द्यायचे तूर्त टाळले. दुसऱ्या डॉक्टरांनी दोघांच्याही घशाचे व डोळ्यांचे नमुने घेऊन पीसीआर तपासणी (नमुन्यातला जंतू त्याच्या जनुकांवरून ओळखणारी) करावी असे सुचवले. तिचा खर्च बराच आहे. शेजारच्या काकू निलगिरीच्या तेलाची वाफ द्यायला सांगत आहेत. लस घेतलेल्या काशीला हे झालेच कसे, पीसीआर करावी का, आणि प्रकृती बिघडते आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पशुवैद्य_कऱ्हाड

मांजर प्रत्यक्ष न पाहता औषध सांगणे योग्य नाही आणि ते मी सांगणारही नाही, पण घरी काय पाहावे आणि डॉक्टरांना काय विचारावे हे सांगता येईल.

कोणता जंतू आहे, ते नंतर पाहू. त्रास नाकाघशापुरता आहे की छातीत उतरला आहे, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी मांजर गाढ झोपलेले असताना बरगड्यांमागच्या कुशीकडे पाहावे. कूस एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास झाला, असे अर्धा मिनिट मोजून आकडा दुप्पट करावा. मांजर घुरघुरत असेल किंवा नुकतेच खेळून आले असेल तर मोजू नये. निरोगी मांजराचा झोपेतला आकडा साधारणपणे मिनिटाला ३० च्या आत असतो. तो पुन्हा पुन्हा त्याच्या वर जात असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे, आणि ४० च्या पुढे असेल तर दवाखान्यात न्यावे. तोंड उघडून श्वास घेणे, कोपरे अंगापासून फाकवून आणि मान पुढे ताणून बसणे, प्रत्येक श्वासाला पोट ओढले जाणे, हिरड्या निळसर किंवा पांढुरक्या दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर ती तातडीची अवस्था समजावी. कुत्रा धापा टाकतो ते नेहमीचेच असते. मांजर स्वस्थ बसल्या जागी धापा टाकू लागले तर सकाळची वाट पाहू नये. अशा मांजराला दाबून धरू नये आणि तोंडात बळजबरीने काही ओतू नये.

आता नाकाघशाविषयी. मांजरांच्या या संसर्गांमागे बहुतेक वेळा दोन विषाणू असतात, मांजरांचा हर्पिस विषाणू आणि कॅलिसी विषाणू. जिवाणूंपैकी क्लॅमिडिया फेलिस, मायकोप्लाझ्मा आणि बोर्डेटेला यांचा संबंध येतो. नुसत्या लक्षणांवरून त्यांच्यात पक्का फरक करता येत नाही, पण अंदाज बांधता येतो. शिंकांचा जोर आणि डोळ्यांना इजा असेल तर हर्पिसकडे संशय जातो. जिभेवर किंवा टाळूवर व्रण, लाळ आणि कधी कधी एक-दोन दिवसांचे लंगडणे असेल तर कॅलिसीकडे. शिंका बेताच्या, पण एका डोळ्याची आतली गुलाबी त्वचा फुगून बाहेर आलेली आणि काही दिवसांनी दुसराही डोळा तसाच झालेला, असे चित्र क्लॅमिडियाचे असते. घास घेऊन मान झटकणाऱ्या तुमच्या पिल्लाच्या जिभेच्या कडा आणि टाळू मी सर्वांत आधी पाहिले असते.

काशीचा अर्धवट मिटलेला डोळा मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो. डोळा मिटून ठेवणे म्हणजे डोळा दुखणे. हर्पिसमुळे बुबुळावरच्या पारदर्शक पटलावर बारीक व्रण पडतात आणि ते नुसत्या नजरेला बहुधा दिसत नाहीत. फ्लुओरेसिन नावाच्या रंगाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याला लावतात, डोळा धुतात आणि निळ्या प्रकाशात पाहतात. जिथे व्रण असेल तिथे हिरवी रेघ चमकते, आणि हर्पिसचा व्रण असेल तर ती फांद्या फुटल्यासारखी दिसते. ही तपासणी स्वस्त आहे आणि दवाखान्यातच काही मिनिटांत होते. ती झाल्याशिवाय स्टिरॉइड असलेले थेंब घालू नयेत, कारण व्रण असताना ते घातले तर पटल विरघळून डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. घरात माणसांसाठी आणलेले थेंब ‘हेच तर आहेत’ म्हणून मांजराच्या डोळ्यात घातले जातात, त्यातले निम्मे नुकसान इथेच होते असे माझे मत झाले आहे.

‘लस असून कसे झाले’ याचे उत्तर असे, की या दोन विषाणूंविरुद्धची लस आजाराची तीव्रता पुष्कळ कमी करते, संसर्ग पूर्णपणे रोखत नाही. शिवाय पिल्लामुळेच काशी आजारी पडली असे गृहीत धरू नका. हर्पिस एकदा शरीरात शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत आयुष्यभर दडून राहतो, आणि घर बदलणे, शस्त्रक्रिया किंवा नव्या मांजराचे आगमन असा ताण आला की साधारण आठवड्याभराने पुन्हा डोके वर काढतो. रस्त्यावर जन्मलेल्या काशीत तो सहा वर्षे निजून असणे सहज शक्य आहे.

यावरूनच पीसीआरचे काय करायचे ते ठरते. अनेक निरोगी दिसणारी मांजरे हे विषाणू बाळगून असतात, आणि नुकत्याच दिलेल्या जिवंत लसीमुळेही तपासणी होकारार्थी येऊ शकते. उलट नमुना चुकीच्या दिवशी घेतला तर खरा विषाणूही सापडत नाही. म्हणून चार दिवसांच्या शिंकांसाठी मी ती सहसा करत नाही. डोळ्यांचा त्रास हटत नसेल, घरात किंवा निवाऱ्यात मांजरांमागून मांजरे आजारी पडत असतील, किंवा क्लॅमिडियाचा दाट संशय असेल तर ती जरूर करावी, कारण तिथे निकालावरून उपचार बदलतात. क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुमारे चार आठवडे, आणि घरातल्या सगळ्या मांजरांना द्यावे लागते.

प्रतिजैविकांबाबत पहिल्या डॉक्टरांचे बरोबर आहे. स्राव पाण्यासारखा असेल आणि मांजर खाऊन-पिऊन असेल तर दहा दिवसांपर्यंत प्रतिजैविकाविना लक्ष ठेवावे, अशीच पशुवैद्यकातली सध्याची मार्गदर्शक भूमिका आहे. स्राव घट्ट, पिवळा-हिरवा होऊन त्याच्या जोडीला ताप, मरगळ आणि अन्न सोडणे असेल तर ते द्यावे लागते. ताप म्हणजे गुदद्वारातून मोजलेले १०२.५ अंश फॅरनहाइटच्या वरचे तापमान. नाक कोरडे की ओले यावरून काहीही कळत नाही.

गवतफुला (पुणे)

मी डॉक्टर नाही, पण रस्त्यावरची पिल्ले दत्तक जाईपर्यंत सांभाळते, त्यामुळे हा आजार माझ्या घरात ये-जा करत असतो. शुश्रूषेबद्दल थोडे लिहिते.

नाक बंद झाले की मांजराला वास येत नाही, आणि वास आला नाही की ते खात नाही. त्यामुळे खाणे किंचित कोमट करून द्यावे आणि त्याआधी कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने नाकावरची खपली भिजवून काढावी. खपली ओढू नये, तिच्याखालची कातडी सोलवटते. मासळीचा वास मारणारे ओले खाद्य अशा वेळी उपयोगी पडते. पिल्लाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी तोलून आकडा लिहून ठेवावा. वाढत्या पिल्लाचे वजन रोज थोडे तरी वाढायला हवे, ते थबकले किंवा घटले की शिंका कमी झाल्या असल्या तरी मी डॉक्टरांना फोन करते. मोठ्या, विशेषतः लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. तिथे ‘भूक लागली की खाईल’ हे चालत नाही.

निलगिरीची वाफ अजिबात देऊ नका. निलगिरी, कापूर, मेंथॉल, बाम यांतले घटक मांजराचे यकृत नीट पचवू शकत नाही, आणि अंगावर बसलेला अंश ते चाटून पोटात घेते. वाफ हवीच असेल तर न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून, दार लावून, मांजराला घेऊन दहा मिनिटे बसावे. काही न मिसळलेल्या सलाइनचे नेब्युलायझेशनही डॉक्टर सुचवतात. तापासाठी पॅरासिटामॉलचा विचारसुद्धा करू नये. माणसांच्या गोळीचा लहानसा तुकडाही मांजराला जीवघेणा ठरतो. रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड व पंजे सुजतात.

साफसफाईबद्दल एक गोष्ट इथे सहसा कोणी सांगत नाही. आपल्या घरोघरचे फिनेल मांजरांना विषारी असते, कारण ओल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटतात. हर्पिस विषाणू शरीराबाहेर एखादा दिवस टिकतो, कॅलिसी मात्र आठवडे टिकू शकतो आणि नेहमीच्या अनेक जंतुनाशकांना दाद देत नाही. मी आधी साबणाच्या पाण्याने पुसते, मग एक लिटर पाण्यात सुमारे ३० मिली साधे ब्लीच घालून ते दहा मिनिटे राहू देते, आणि शेवटी साध्या पाण्याने पुसून फरशी वाळेपर्यंत मांजरांना बाहेर ठेवते. ब्लीचमध्ये दुसरे काहीही मिसळू नये. खाणे आणि मातीची पेटी यांची कामे निरोगी मांजरापासून सुरू करून आजाऱ्याकडे संपवावीत आणि कपडे बदलावेत.

उंबरठा (नागपूर)

पीसीआरविषयी डॉक्टरांनी लिहिले ते पटले, पण ‘विषाणू आहे, बरे होईल’ हे वाक्य किती दिवस ऐकून घ्यायचे याचीही मर्यादा हवी. आमच्या दीड वर्षाच्या बोक्याला एका दवाखान्यात महिनोन्‌महिने सर्दी म्हणून एकामागून एक प्रतिजैविके दिली गेली. औषध चालू असताना जरा बरे वाटायचे आणि संपले की पहिले पाढे पंचावन्न. त्याचा श्वास झोपेत माणसाच्या घोरण्यासारखा वाजत असे, आणि त्याचा स्राव मुख्यतः डाव्या नाकपुडीतून येत असे, या दोन्ही गोष्टी आम्ही सांगत होतो.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी काचेची पट्टी थंड करून नाकासमोर धरली. उजव्या नाकपुडीसमोर वाफेचा ठिपका उमटला, डावीकडे जवळजवळ काहीच नाही. मग भूल देऊन मऊ टाळू हुकने पुढे ओढला, तर मागे गुलाबी, गुळगुळीत गाठ लोंबत होती. तरुण मांजरांत मध्यकर्णातून वाढत येणारी ही गाठ कर्करोगाची नसते. त्यांनी ती चिमट्याने देठासकट ओढून काढली. ती पुन्हा उगवू शकते असे बजावून त्यांनी वर्षभर तपासायला बोलावले.

डॉक्टर, सर्दी ‘साधी’ राहिलेली नाही हे नेमके कशावरून ओळखावे, तेही लिहाल का? आणि नागपूरकर म्हणून बर्ड फ्लूविषयीही विचारतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस इथल्या गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि एच५एन१ निष्पन्न झाला, तेव्हापासून घरच्या मांजराने एक शिंक दिली तरी पोटात गोळा येतो.

पशुवैद्य_कऱ्हाड

उंबरठा, तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी केले तेच करायचे असते. सर्दी दहा दिवसांच्या पुढे गेली, एकाच नाकपुडीतून येऊ लागली, स्रावात रक्त दिसले, चेहऱ्याचा किंवा नाकाचा आकार बदलला, की संसर्गाखेरीजची कारणे शोधायला हवीत. तरुण मांजरात तुमच्यासारखी गाठ किंवा नाकात शिरलेले गवताचे पाते निघते. प्रौढ मांजरात वरच्या सुळ्याच्या मुळाशी झालेला पू नाकात उतरतो. वयस्क मांजरात नाकातल्या अर्बुदाचा (गाठीचा) विचार करावाच लागतो. नाकाच्या हाडावर घट्ट फुगवटा आला असेल तर क्रिप्टोकोकस ही बुरशी आठवावी. तिच्यासाठी रक्ताची प्रतिजन चाचणी असते. वरचेवर आजारी पडणाऱ्या मांजराची ल्युकेमिया विषाणू व एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू) यांची रक्ततपासणी मी आधी करतो, कारण ती झटपट होते आणि पुढचे आडाखे तिच्यावर बांधता येतात.

छातीच्या आजारांची फसगत वेगळी असते. मांजर खोकते तेव्हा ते जमिनीलगत दबून, मान लांब करून, घशातून कोरडा आवाज काढते, आणि घरची मंडळी ‘केसांचा गोळा अडकला’ म्हणून सोडून देतात. उलटीत शेवटी काहीतरी बाहेर पडते. असा प्रकार वरचेवर होऊन दर वेळी काहीच पडत नसेल, तर मोबाइलवर चित्रण करून दाखवावे. तो दमा असू शकतो, आणि बाहेर शिकार करणाऱ्या मांजरात फुप्फुसातले जंतही असू शकतात; जंतांच्या अळ्या विष्ठेच्या विशेष तपासणीत सापडतात. यांना प्रतिजैविकांनी गुण येत नाही.

मांजराला खरोखर धाप लागलेली असेल तर दवाखान्यात आल्या आल्या एक्स-रेचा आग्रह धरू नका. टेबलावर आडवे पाडल्याच्या ताणानेही ते दगावू शकते. आधी प्राणवायू, मग बसल्या जागी छातीची सोनोग्राफी, हा क्रम योग्य. छातीत पाणी असेल तर ते सुईने काढल्यावर श्वासही मोकळा होतो आणि निदानाची दिशाही मिळते. दुर्गंधीयुक्त पू, चिकट पिवळसर पाणी, दुधासारखा द्रव, यांची कारणे निराळी असतात, आणि त्यातली काही, उदाहरणार्थ हृदयविकार, संसर्गाची नसतातच.

बर्ड फ्लूबाबत भीतीपेक्षा सवय बदलणे उपयोगाचे. गोरेवाड्याच्या घटनेनंतर २०२५ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही एच५एन१ सापडला. मांजरांना तो प्रामुख्याने बाधित पक्ष्यांमधून व कच्च्या मांसातून होतो, म्हणून कोंबडीचे कच्चे तुकडे, विशेषतः दुकानातून आणलेली आतडी वगैरे घालणे बंद करावे. शिजवलेले मांस चालते. बर्ड फ्लूत आजार झपाट्याने वाढतो, तीव्र ताप व मरगळ येते, आणि तोल जाणे किंवा झटके येणे अशी मेंदूची लक्षणे दिसू शकतात. कच्चे मांस खाणारे किंवा पक्षी पकडणारे मांजर असे आजारी पडले तर डॉक्टरांना ती माहिती दारातच द्यावी. घरात बंद असलेल्या, शिजवलेले खाणाऱ्या मांजराच्या शिंकेमागे हे कारण असण्याची शक्यता फारच कमी आहे.

काशीची_आई (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. आज दोघांनाही पुन्हा दाखवून आलो. पिल्लाच्या जिभेच्या टोकाला आणि उजव्या कडेला पांढुरक्या किनारीचे दोन व्रण निघाले. डॉक्टरांनी वेदनाशामक दिले आणि खाणे पातळ, मऊ करून द्यायला सांगितले. काशीच्या डोळ्यात तुम्ही म्हणालात तशी बारीक हिरवी रेघ उमटली. तिच्यासाठी फॅमसायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध सुरू झाले आहे. तिचा झोपेतला श्वास मी दोनदा मोजला, तो २२ आणि २४ भरला. डॉक्टरांच्या सल्ल्याने पीसीआर तूर्त लांबणीवर टाकली.

दोन शंका राहिल्या आहेत. यांना किती दिवस वेगळे ठेवायचे, आणि पिल्लाला लस कधी द्यायची? शिवाय एका ओळखीच्यांनी हर्पिससाठी लायसिनची (एका अमिनो आम्लाची) पावडर सुचवली आहे.

पशुवैद्य_कऱ्हाड

लायसिनवर पैसे घालवू नका. मांजरांतल्या अभ्यासांत त्याचा उपयोग दिसून आलेला नाही. फॅमसायक्लोविर योग्य आहे, पण त्याऐवजी घरातली असायक्लोविरची गोळी कोणी सुचवली तर ती देऊ नये, ती मांजरांना बाधते.

दोघांची लक्षणे पूर्ण थांबेपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस खोल्या वेगळ्या ठेवाव्यात. कायमचे वेगळे ठेवण्यात अर्थ नाही, कारण कॅलिसीतून बरे झालेली मांजरे काही आठवडे, काही वेळा महिनोन्‌महिने, विषाणू सोडत राहतात. ओळख करून देताना घाई केली तर काशीवर पुन्हा ताण येईल. आधी दाराच्या दोन्ही बाजूंना खाणे ठेवून वासाची सवय होऊ द्यावी.

पिल्लाचा ताप गेला आणि ते नीट खाऊ लागले की तिहेरी लसीची (हर्पिस, कॅलिसी आणि पॅनल्युकोपेनिया यांविरुद्धची) पहिली मात्रा द्यावी, मग दर तीन-चार आठवड्यांनी, वयाचे १६ आठवडे पूर्ण होताना किंवा त्यानंतर शेवटची मात्रा पडेल अशा बेताने. आता आजार होऊन गेला म्हणून लस टाळू नये. कॅलिसीचे अनेक प्रकार आहेत आणि याच लसीत मांजरांच्या जीवघेण्या पॅनल्युकोपेनियापासूनचे संरक्षणही असते. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर. काशीचा डोळा मात्र चार-पाच दिवसांनी, ती तो पूर्ण उघडू लागली असली तरीही, पुन्हा त्याच रंगाने तपासून घ्या, आणि व्रण भरल्याचे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय औषध थांबवू नका.